दोन टिकल्यांमधली मोकळी जागा

प्रिय ब्रेकबाई,

हे नाव तुझ्या पांढऱ्या कोटाला आता शोभत नाही, कळतंय मला. पण ते मी ठेवलेलं आहे आणि दुसरं मला सुचत नाही. गाडी शिकताना समोरचा रस्ता मोकळा असला तरी तुझा पाय ब्रेकवर. का म्हणून विचारलं, तर म्हणायचीस, मोकळा दिसतोय खरा, पण आहे की नाही ते बघू दे. निम्मं शहर माझ्या हाताखाली गाडी शिकून गेलं. घाबरणारे पाहिले, मुळीच न घाबरणारे पाहिले, आणि गाड्या ठोकल्या त्या या दुसऱ्यांनीच. तू दोन्हींत बसेनास. तुला भीती नव्हती, तुला खात्री हवी असायची. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. मागे गाड्यांची रांग लागायची आणि लोक हॉर्न वाजवून कान किटवायचे.

फोन करायचा सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी ओरडते. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती काही जात नाही, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय तुझी एक खोड आहे. मी तुझं कौतुक करायला तोंड उघडलं की तू लगेच माझ्या तब्येतीची चौकशी सुरू करतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

म्हणून तब्येतीचं आधीच सांगून टाकते. जखम भरली, ते तू गेल्या आठवड्यात पाहिलंसच. पोटावर वरपासून खालपर्यंत एक गुलाबी पट्टा राहिलाय, मध्ये जरा खोलगट, रस्ता खणून बुजवल्यावर दिसतो तसा. जिना चढते. दमते, पण पोचते. ड्रेसिंग करणारी सिस्टर गेल्या महिन्यात येऊन बघून गेली आणि म्हणाली, आता माझं इथे काही काम उरलं नाही. रोज आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात जाऊन बसते, नव्या मुलामुलींना रस्त्यावरच्या खुणा शिकवते. गाडीत मात्र तुझा नवरा मला बसू देत नाही. बघ, लिहून गेले. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील. तुझा आधीचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो की सीटबेल्टचा पट्टा नेमका जखमेवर येतो, डॉक्टर सांगतील तेव्हा बस. माझ्याच स्कूलमध्ये मला लायसन्स नाही, अशी गत झाली आहे.

तुमचं लग्न मोडलं त्याला आता चार वर्षं होतील. त्याची बदली दुसऱ्या शहरात झाली आणि त्याच महिन्यात तुझ्याकडे प्रयोगशाळेतल्या जखमांच्या विभागाची जबाबदारी आली. तो म्हणाला, तिकडेही दवाखाने आहेत. तू म्हणालीस, इकडेही नोकऱ्या आहेत. दोघांचंही खरं होतं आणि दोघंही हटेनात. त्यात त्याला तुझ्या कामाची किळस होती, हे आपण कोणीच कधी नीट बोललो नाही. जेवताना तू कुणाच्या पायातल्या पुवाबद्दल उत्साहाने सांगायला लागलीस की तो ताट घेऊन टीव्हीसमोर जायचा. दिवसभर ही काय चिवडत बसते कोण जाणे, असं हसत हसत म्हणायचा. वाईट नाही गं तो. तू गेल्यावर वर्षभरात बदली करून परत आला, त्या तिकडच्या घरात त्याला करमेना. पण तोवर कागद झाले होते, आणि तुम्ही दोघंही झालेलं परत उघडून बघणारी माणसं नाही.

म्हणून सांगते, त्या दिवशी वॉर्डात तू माझ्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिलीस तेव्हा मला आधी वाटलं, ताप डोक्यात गेला.

तुला माझा आजार कागदावर ठाऊक आहे. माझ्या बाजूने कसा होता ते ठाऊक नाही. आतड्याला पीळ पडला, पोट फुगलं, आणि संध्याकाळच्या बॅचला रिव्हर्स शिकवता शिकवता मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ऑपरेशन करून आतड्याचा एक तुकडा काढून टाकला. सर्जन बोलायला तुसडा, पण हाताचा पक्का. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वॉर्डात फेऱ्या मारायला लागले, शेजारच्या बाईला तिच्या मुलाने कोणती गाडी घ्यावी याचा सल्ला देऊन झाला, आणि मग एका सकाळी टाके तापले. हात लावला तर जळजळीत. दुपारपर्यंत पाणी झिरपायला लागलं, दुसऱ्या दिवशी पू. ताप असा चढायचा की दात वाजायचे. एक औषध दिलं, काही नाही. त्याहून भारी दिलं, काही नाही. पुवाचा नमुना तुमच्याकडे खाली गेला होता आणि त्याचा निकाल आला तेव्हा सर्जनने माझ्या मुलाला खिडकीपाशी नेलं.

मी डोळे मिटून पडले होते. लोकांना वाटतं, डोळे मिटले की कानही मिटतात. सर्जन म्हणत होता की जखमेत जो जंतू आहे तो एकाही औषधाला दाद देत नाही. एक जुनं औषध उरलंय, पण ते मूत्रपिंडांवर फार जड जातं, आणि तुमच्या आईची मूत्रपिंडं ब्लडप्रेशरने आधीच थकलेली आहेत. माझ्या मुलाने विचारलं, मूत्रपिंडं गेली तर? सर्जन म्हणाला, डायलिसिस, तेही निभावलं तर. मुलाने विचारलं, आणि औषध दिलंच नाही तर? त्यावर नुसता कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मी डोळे किलकिले करून बघितलं आणि मला भीती वाटली. मरणाची नव्हे, खरं सांगते. माझा मुलगा खिडकीच्या चौकटीला धरून उभा होता आणि त्याच्याजवळ उभं राहायला कोणी नव्हतं, त्याची.

तू आलीस ती दुसऱ्या दिवशी सकाळी. तोंडावर मास्क, केस टोपीत, तरी मी ओळखलं. तू दारातून आत पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबलीस ना, त्यावरून. माझा मुलगा खुर्चीतून उठला आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकला. तू त्याच्याकडे बघून मान हलवलीस, त्यानेही हलवली, आणि सिस्टरला जखम उघडायला सांगून तू वाकून बघत राहिलीस. किती वेळ बघितलंस. मला लाज वाटली नाही. माझ्या पोटात काय चाललंय हे इतक्या मन लावून तोवर कोणी बघितलंच नव्हतं. मग तू माझ्या कपाळावर हात ठेवलास. तापाचा तक्ता पलंगालाच लटकत होता, तरी ठेवलास.

तेवढ्यात सर्जन आला. पुढचं सगळं दाराबाहेर झालं, पण दार उघडं होतं. तू त्याला सांगत होतीस की आधी ही जखम पुन्हा उघडून धुवावी लागेल, खालच्या कोपऱ्यात पू अडकलाय, आणि तो तिथे असेपर्यंत कोणतंच औषध उपयोगाचं नाही. हे त्याला पटलं. मग तू म्हणालीस की ते मूत्रपिंडांवरचं औषध नको. त्याऐवजी ही दोन एकदम द्या. तू नावं घेतलीस तसा तो हसलाच. निकालात ही दोन्ही औषधं नापास झालेली होती.

“जी एकेकटी हरली, ती मिळून काय दिवे लावणार?” असं म्हणाला तो.

“ताटलीवर लावलेत त्यांनी,” तू म्हणालीस. “खाली येऊन बघा.”

अगं, मला तापात हसू आलं. जखमेला हिसका बसला, तरी आलं. आपल्या घरात तू आवाज चढवलेला मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही चढवला नव्हतास. पण तो तुसडा माणूस हसायचा थांबला. त्याला ऑपरेशनला जायचं होतं. घरच्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा, मी दुपारी खाली येऊन जातो, असं म्हणून तो निघाला.

घरचे म्हणजे माझा मुलगा. तो दारात आला आणि म्हणाला की मला यातलं काही कळत नाही, तू म्हणतेस म्हणून मी हो म्हणायचं का. बोलण्यात टोमणा होता की भीती, ते मला, त्याच्या आईलासुद्धा, सांगता यायचं नाही. तू काय उत्तर दिलंस ते मात्र माझ्या डोक्यात कोरलं गेलंय.

“माझ्यावर विश्वास ठेवू नकोस,” तू म्हणालीस. “खाली चल, आपल्या डोळ्यांनी बघ, मग ठरव.”

आणि तो गेला. तुमचं लग्न होतं तेवढी सगळी वर्षं तो तुझ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत तुला सोडायला यायचा आणि आत कधी पाऊल टाकायचा नाही. त्या दिवशी तुझ्या मागोमाग जिना उतरून गेला.

तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं, एकदम नाही, तुकड्यातुकड्याने, माझ्या पायांना तेल चोळता चोळता. तू त्याला काय काय सांगितलंस ते मी लिहिते, चुकलं तर हसू नकोस. तू त्याला उबेच्या कपाटातून एक काचेची ताटली काढून दाखवलीस. आत पिवळसर जेली, तिच्यावर माझ्या जखमेतले जंतू सायीसारखे पसरलेले, आणि वर कागदाच्या छोट्या पांढऱ्या टिकल्या. प्रत्येक टिकलीत एक एक औषध. औषध चालत असलं की टिकलीभोवती जंतू मरतात आणि गोल मोकळी जागा पडते. माझ्या ताटलीवर एकाही टिकलीभोवती गोल नव्हता. जंतू अगदी टिकलीच्या कडेला येऊन भिडले होते. मग तू दुसरी ताटली काढलीस. तिच्यावर त्या दोन नापास टिकल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. बाहेरच्या बाजूंनी तशीच साय. पण दोघींच्या मध्ये, जिथे दोन्ही औषधं पसरत येऊन एकमेकांत मिसळली होती, तिथे स्वच्छ मोकळी जागा होती. खाली टेबलाचा रंग दिसत होता म्हणे.

का झालं तसं, तेही तू त्याला समजावलंस. या जंतूकडे औषधं कापणाऱ्या दोन कात्र्या आहेत. एक औषध पहिल्या कात्रीला पुरून उरतं, पण दुसरी कात्री त्याला कापते. दुसरं औषध स्वतः टिकत नाही, पण त्याच्या जोडीला जे रसायन असतं ते त्या दुसऱ्या कात्रीची धार घालवतं. एक जण कात्री धरून ठेवतो आणि दुसरा काम उरकतो. माझ्या मुलाला मोटारीचा साधा फ्यूज बदलता येत नाही, पण हे त्याने मला असं समजावलं की मलाही दुसऱ्याला समजावता आलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईला मी समजावलंही.

मग त्याने तुला विचारलं की ही दुसरी ताटली तू लावलीस कधी? कोणी तर सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, निकालात सगळीच औषधं नापास दिसली की मी लावतेच. कपाटात खालपासून वरपर्यंत ताटल्या रचलेल्या होत्या. आईची कुठली हे तुला आधीपासून माहीत होतं का, असं त्याने विचारलं. तू म्हणालीस, वाचताना मी नाव बघत नाही, नंबर बघते. नाव निकाल लिहिताना दिसलं.

हे सांगताना त्याचा हात थांबला. माझा तळपाय त्याच्या हातात होता आणि तेल सुकत चाललं होतं. मग म्हणाला, “आई, ती काय चिवडत बसते म्हणून मी हसायचो ना, त्यात माणसं असतात गं. त्यात तू होतीस.”

मला काय वाटलं ते तुला सांगते. मला दोघांचाही अभिमान वाटला. तुझा जास्त.

ठरवलं शेवटी मीच. तो वर आला, म्हणाला, मला पटलंय, पण पेशंट तू आहेस. तू पलंगाशी बसलीस आणि मला साध्या शब्दांत सांगितलंस की ताटलीवर चाललं म्हणजे पोटात चालेलच असं नाही, पुन्हा भूल द्यावी लागेल, जखम उघडी ठेवून तळापासून भरू द्यावी लागेल, त्याला महिने लागतील, आणि मी हमी देत नाही. मी आयुष्यभर शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले. तिथे माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, शिकणारा चुकला की मी दाबते. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसती शेजारी बसले आणि माझ्या पायाशी काही नव्हतं. मी तुला म्हटलं, चालव.

दुपारी सर्जन खाली जाऊन आला असावा, कारण संध्याकाळी तोच येऊन म्हणाला, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. जखम धुतली. दोन बाटल्या शेजारी शेजारी टांगल्या आणि दोन्हींतून थेंब पडायला लागले. मला वाटलं होतं, आता ताप पळून जाईल. कसला पळतोय! दुसऱ्या दिवशी आणखी चढला. सर्जन येऊन बाटल्यांकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग दाराकडे. त्याला ते जुनं औषध सुरू करायचं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तू येऊन जखम बघितलीस, पुन्हा पुवाचा नमुना घेतलास, रक्ताचे आकडे बघितलेस आणि म्हणालीस, काही बदलायचं नाही, थांबायचं. सोपं नव्हतं ते. इतर कुणी घाबरून चार औषधं वाढवली असती. तू थांबलीस, आणि थांबून रोज वर येत राहिलीस.

ताप उतरला तो हळूच, गाडी उतारावरून सपाटीला लागावी तसा, कळलंच नाही कधी. एका सकाळी जाग आली आणि मला टोस्ट खावासा वाटला. सिस्टरला सांगितलं तर ती धावत जाऊन तुला फोन करून आली. टोस्टची बातमी प्रयोगशाळेत पोचवणारा तो पहिलाच दवाखाना असेल. मूत्रपिंडांचे आकडे जिथल्या तिथे राहिले. जखमेच्या तळाशी लाल, ओलसर, निरोगी मांस दिसायला लागलं आणि सर्जनने ते बघून पहिल्यांदा “छान” हा शब्द वापरला. मला वाटतं, वर्षाला तो एवढाच कोटा ठेवत असावा.

डॉक्टरांच्या सभेत तू ही केस मांडणार होतीस, त्याला माझी परवानगी हवी म्हणून तू आलीस तेव्हा मी एकच अट घातली, मला ऐकायला बसू द्यायचं. तू मला शेवटच्या रांगेत बसवलंस. पडद्यावर लिहिलं होतं, महिला रुग्ण, वय साठीच्या पुढे. ती महिला रुग्ण नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक आकड्याला मान डोलवत होती. माझ्या पोटाचा फोटो भिंतीएवढा झाला तेव्हा पुढच्या रांगेतले सगळे डॉक्टर वाकून बघायला लागले. मला उगीचच आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

माझ्यानंतर तू आणखी तिघांबद्दल सांगितलंस. पायात धातूची पट्टी बसवलेला गवंडी आणि बाळंतपणाचं ऑपरेशन झालेली मुलगी, ही दोघं घरी गेली. तिसरा वाचला नाही. त्याच्याबद्दल तू सगळ्यांत जास्त बोललीस. नमुना उशिरा आला, पू आत खोल होता, जोडी ताटलीवर चालली आणि शरीरात पोचलीच नाही. तू ते लपवलं नाहीस, घाईने उरकलंही नाहीस. मग एक तरुण डॉक्टर उठून म्हणाला की मग आम्ही अशा प्रत्येक जखमेला सुरुवातीलाच ही जोडी देऊन टाकू. तू म्हणालीस, नाही. आधी ताटली, मग औषध. सरसकट दिलंत तर जंतू हेही शिकेल आणि आपल्या हातात काही उरणार नाही. मी मनात म्हटलं, दाबला हिने ब्रेक.

शेवटी सर्जन उभा राहिला. म्हणाला की हल्ली जखम बिघडली तर मी औषध बदलायच्या आधी यांना फोन करतो. बसला. टाळ्या वाजल्या आणि मी पर्स बाजूला ठेवून सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवत राहिले. तुला पदवी मिळाली तेव्हा मी नव्हते, तू आमच्या घरात नंतर आलीस. माझ्या वाट्याचं ते राहिलेलं त्या दिवशी मिळालं.

चहाच्या वेळी तुझ्या विभागप्रमुख बाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तू सांगितली नव्हतीस. ताटली कुणाची ते कळताच तू त्यांच्याकडे गेली होतीस. ही माझी आधीची सासू आहे, तिथे मला जे हवंय तेच दिसण्याची भीती आहे, म्हणून कुणाची ताटली हे न सांगता दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, असं म्हणाली होतीस. त्यांनी दोघांकडून वाचून घेतली. दोघांनी मोकळी जागा आहे असं सांगितल्यावरच तू जिना चढून वर आलीस. बाई म्हणाल्या, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं मागणारी ही पहिली. मी त्यांना म्हटलं, गाडी शिकतानाही अशीच होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. गेल्या आठवड्यात तू जखम बघायला म्हणून घरी आलीस, आणि जखम बघून झाल्यावरही बसून राहिलीस. चहा गार झाला. मग म्हणालीस की पुढच्या महिन्यात तू लग्न करते आहेस, नोंदणी कार्यालयात, साधंच, आणि हे मला बाहेरून कळू नये म्हणून सांगायला आलीस. तुम्ही यावं असं मी म्हणणार नाही, ते तुम्हाला अवघड होईल, असंही म्हणालीस. मी त्या वेळी नुसतं “बरं” म्हटलं आणि कप उचलून आत गेले. तू समजलीस की मला लागलं. मला लागलं, हे खरं. नळ सोडून मी दोन मिनिटं तिथे उभी राहिले. पण तो माणूस मी पाहिलेला आहे. सभेत माझ्या शेजारी बसला होता, तुला ऐकायला आलोय आणि शाळेत भूगोल शिकवतो म्हणाला, आणि पडद्यावरचं त्याला एक अक्षर कळत नव्हतं हे दिसत होतं. तरी तुझं शेवटचं वाक्य होईपर्यंत त्याने मान वळवली नाही. असा माणूस तुला मिळावा, एवढंच मला वाटतं. माझ्या मुलाला मी काल सांगितलं. तो बराच वेळ भांडी पुसत राहिला. मग म्हणाला, तिच्या बाजूने तिथे कोण असेल? तिचे आईवडील तर राहिले नाहीत. तू जा, मी तुला दारापर्यंत सोडीन. तेव्हा ऐक. तिथे तुझ्या बाजूने साक्षीदार म्हणून मी उभी राहणार आहे. ही विनंती नाही. टेबलामागचा कारकून मला विचारेल की तुम्ही या मुलीच्या कोण. घरी आरशासमोर मी दोन-तीन उत्तरं म्हणून पाहिली. सासू म्हणावं तर आता नाही. आई म्हणावं तर तो मान तुझ्या आईचा. पेशंट म्हणावं तर तो हसेल. म्हणून तो विचारेल तेव्हा मी गप्प राहीन आणि तुझ्याकडे बघेन. उत्तर तू दे. तू जे सांगशील, त्याखाली मी सही करीन.

तुझीच,
तू म्हणशील ती